अदृश्य सावकार : मोबाइलवरील कर्जाची फसवणूक कशी ओळखावी?

धंदा लहान असो वा मोठा, त्याला भांडवल लागते. आणि भांडवल हाताशी नसले की कर्ज काढावे लागते. यात लाजण्यासारखे काही नाही. पेडणे तालुक्यातील मांद्रे, मोरजी, हरमल या किनाऱ्यावर पर्यटनाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गाडेवाल्याला भांडी-शेगडीची तजवीज करावी लागते, दुचाक्या भाड्याने देणाऱ्याला गाड्यांची डागडुजी करावी लागते. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात बसणाऱ्याला चवथीपूर्वी माल भरावा लागतो. साखळी, मये, शिरगाव या बाजूची गोष्ट तर आणखी निराळी. २०१२ साली खाणी बंद पडल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. आता काही पट्ट्यांवर पुन्हा काम सुरू झाले असले, तरी मधल्या काळात ट्रकवाले, गॅरेजवाले, खानावळवाले यांच्यापैकी कित्येकांना नव्याने संसार मांडावा लागला. ज्याचे जुने हप्ते थकले त्याला बँक सहजासहजी दारात उभे करीत नाही. अशा माणसाच्या मोबाइलवर एके दिवशी निरोप येतो : “आपले दोन लाखांचे कर्ज मंजूर झाले आहे. जामीन नको, कागदपत्र नको, दहा मिनिटांत पैसे खात्यात.”

या निरोपामागे कोण असते, आणि तो खरा की खोटा हे साध्या माणसाने कसे ओळखावे, एवढेच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. मोबाइलवरून मिळणारे सर्वच कर्ज खोटे असते असे मुळीच नाही. पुष्कळ बँका व रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तीय संस्था आज याच मार्गाने कर्ज देतात. म्हणून मोबाइलला भिण्याचे कारण नाही. सावकार कोण आहे हे न पाहण्याला भ्यावे.

फसवणुकीचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार “आधी पैसे भरा, मग कर्ज घ्या” हा. समजा, एका पसरकाराने दीड लाखाची मागणी केली. त्याला शिक्क्यांचे, बोधचिन्हांचे, क्वचित मुद्रा योजनेचे नाव घातलेले झकपक मंजुरीपत्र येते. मग सांगण्यात येते, फाइल चालविण्याचे १,८०० रुपये भरा. ते भरले की विम्याचे ४,२०० निघतात, त्यानंतर जी. एस. टी., त्यानंतर “पहिला हप्ता आगाऊ”, त्यानंतर “खात्याचा नंबर चुकला, दुरुस्तीचा दंड”. प्रत्येक वेळी रक्कम अशी बेताची मागतात की माणसाला वाटते, इतके भरले तर आणखी थोडे भरून टाकू, नाही तर पहिलेही बुडतील. गळ या विचारातच असतो. कर्ज कधीच येत नाही, कारण ते देण्यासाठी कोणी बसलेलेच नसते.

दुसऱ्या प्रकारात कर्ज खरोखर मिळते, परंतु ते न मिळते तर बरे, असे म्हणण्याची पाळी येते. ॲप उतरवून घेताना ते फोनमधील सर्व नावे-नंबर, छायाचित्रे, निरोप पाहण्याची परवानगी मागते आणि आपण न वाचता “होय” दाबतो. नंतर ५,००० रुपये मंजूर म्हणून खात्यात ३,५०० येतात. १,५०० “शुल्क” म्हणून आधीच कापलेले असतात, आणि सात दिवसांत पूर्ण ५,००० परत करावयाचे असतात. आता पाटीवर हिशेब मांडून पाहावा. ३,५०० रुपयांवर आठवड्याला १,५०० रुपये, म्हणजे आठवड्याचे व्याज जवळजवळ ४३ टक्के. वर्षाच्या ५२ आठवड्यांचे सरळव्याजाने २,२०० टक्क्यांहून अधिक. गावातील अत्यंत निर्दय सावकारानेही असा दर कधी सांगितला नसता. सात दिवसांत पैसे उभे राहत नाहीत. तेव्हा दुसऱ्या ॲपचे नाव सुचविले जाते, त्याच्या फेडीसाठी तिसऱ्याचे, आणि बहुधा तिन्हींच्या मागे एकच टोळी असते. हप्ता चुकला की फोनमधून उचललेल्या नंबरांवर, म्हणजे सासुरवाडीला, गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना, शिवीगाळीचे निरोप व विकृत केलेली छायाचित्रे धाडण्यात येतात.

२०२० च्या डिसेंबरात हैदराबाद व तेलंगणाच्या इतर भागांत अशा छळाला कंटाळून काहींनी जीव दिला, तेव्हा हा प्रकार देशाच्या नजरेस आला. पोलिसांनी धाडी घालून पुष्कळांना अटक केली. रिझर्व्ह बँकेने त्याच महिन्याच्या २३ तारखेस जनतेला जाहीर इशारा दिला व पुढे एक अभ्यासगट नेमला. त्या गटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत कर्ज देणारी सुमारे १,१०० ॲप आढळली. त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा होती. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या एका वर्षात गूगलने आपल्या दुकानातून अशी २,२०० हून अधिक ॲप काढून टाकल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. एक काढले की नाव बदलून दुसरे येते, म्हणून केवळ सरकारवर विसंबून भागत नाही.

तिसऱ्या प्रकारात कर्ज हे केवळ निमित्त असते. डोळा आपल्या खात्यावर असतो. “पडताळणीसाठी” म्हणून आधार, पॅन, बँकेचा पासबुक, कोरा चेक, आणि शेवटी फोनवर आलेला सहा आकडी ओ. टी. पी. मागतात. कोणी “मी तुम्हाला मदत करतो” म्हणून आपला पडदा दुरून पाहता येईल असे ॲप बसवायला लावतो. येथे एक नियम पाठ असू द्यावा : पैसे देताना यू. पी. आय.चा पिन लागतो, घेताना कधीही लागत नाही. “कर्ज जमा होण्यासाठी पिन टाका” असे जो म्हणेल, तो देणारा नसून नेणारा आहे.

मग खरा सावकार कसा ओळखावा? रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी मोबाइल-कर्जाचे नियम काढले आणि ८ मे २०२५ रोजी ते एकत्र करून नव्याने जारी केले. त्यांतील पाच गोष्टी दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारख्या आहेत. पहिली : कर्जाची रक्कम बँकेकडून किंवा नोंदलेल्या संस्थेकडून थेट कर्जदाराच्या खात्यात यावी, आणि फेडही थेट त्या संस्थेच्याच खात्यात जावी; एखाद्या व्यक्तीच्या नंबरावर हप्ता मागितला की समजून जावे. दुसरी : मध्यस्थाची फी संस्थेने द्यावयाची, कर्जदाराकडून ती घ्यावयाची नाही. तिसरी : कर्ज घेण्यापूर्वी मुख्य तपशिलाचे पत्रक मिळाले पाहिजे, आणि त्यात सर्व शुल्क धरून वर्षाचा एकूण दर लिहिलेला असला पाहिजे. चौथी : फोनमधील नावे-नंबर, कॉलची नोंद आणि छायाचित्रे यांना ॲपने हात लावता कामा नये. पाचवी : कर्ज नको वाटल्यास किमान एक दिवसाच्या मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचे व्याज भरून मोकळे होण्याची सोय हवी.

याखेरीज १ जुलै २०२५ पासून, नोंदलेल्या संस्थांच्या ॲपची सूची रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहण्यास खुली आहे. ॲपचे नाव त्यात आहे का, आणि त्याच्यामागील संस्थेचे नाव काय, हे आधी पाहावे. एका अक्षराच्या फरकाने नामांकित बँकेचे नाव धारण करणारी ॲप पुष्कळ असतात, म्हणून नाव अक्षर लावून वाचावे. बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते आता “डॉट बँक डॉट इन” असे संपतात. बँकांनी व्यवहाराचे फोन १६०० ने आणि जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून करावेत, असेही रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये फर्माविले आहे. तेव्हा साध्या दहा आकडी मोबाइलवरून “बँकेतून बोलतो” म्हणणाऱ्यास आपण आपल्या शाखेत येऊन बोलू, असे सांगावे. खरा माणूस त्याला हरकत घेत नाही. खोटा मात्र “आजच शेवटची तारीख आहे” म्हणून घाई करतो. घाई ही खोटेपणाची सर्वांत ठळक खूण होय.

सावकार ठाऊक असणे किती मोलाचे, याचे उदाहरण गोव्याच्या इतिहासातच आहे. पोर्तुगीज अमदानीत बँको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेत गोवेकरांनी सोन्याचे दागिने गहाण ठेवले होते. १९६१ च्या डिसेंबरात, मुक्तीच्या तोंडावर, ते लिस्बनला नेण्यात आले. पुढे तीस वर्षे वाटाघाटी चालल्या आणि १९९१ साली ते दागिने भारतात परत आले. बँक कोणती, तिची कचेरी कोठे, हे ठाऊक होते म्हणूनच मागणी करता आली. आजच्या अदृश्य सावकाराला ना कचेरी ना पाटी. तो उद्या नाव बदलून नाहीसा झाला तर दाद कोणाकडे मागणार? देण्याघेण्याचा लेख हवा, ही शिकवण आपल्याकडे सर्वत्र आहे. कुराणात कर्ज ठराविक मुदतीचे असेल तर ते लिहून ठेवावे, साक्षीदार घ्यावेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. आणि हिंदू दुकानदार दिवाळीत वहीचे पूजन करतो, त्याच्या मुळाशीही हिशेबाविषयीचा आदरच आहे. कागद नसलेले कर्ज कोणीही घेऊ नये.

उघडी दारे पुष्कळ आहेत, हेही सांगितले पाहिजे. नाही तर नुसत्या भीतीने गरज भागत नाही. ८ एप्रिल २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत व तरुण गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. तरुण गटाचे कर्ज नीट फेडणाऱ्यास ही मर्यादा २० लाखांपर्यंत वाढविली आहे. हे कर्ज बँका व नोंदलेल्या वित्तीय संस्थांमार्फत मिळते. मुद्रेने कोणीही दलाल नेमलेला नाही. रस्त्यावर विक्री करणाऱ्यांसाठी पंतप्रधान स्वनिधी योजनेत पहिला हप्ता १५ हजार, दुसरा २५ हजार आणि तिसरा ५० हजारांचा असून ती ३१ मार्च २०३० पर्यंत चालू राहणार आहे. तिची चौकशी पेडणे, डिचोली व साखळी येथील नगरपालिकांत करावी. पणजीच्या ई. डी. सी. महामंडळातर्फे मुख्यमंत्री रोजगार योजना चालते. “उद्यम” नोंदणीला सरकार एक पैसाही घेत नाही. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे.

इतके करूनही कोणी फसलाच, तर काय करावे? एक क्षणही न दवडता १९३० या नंबरावर फोन करावा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. पहिल्या तासात कळविले तर ते वाटेतच अडविण्याची शक्यता अधिक. आपल्या बँकेलाही ताबडतोब कळवावे. रायबंदरला सायबर गुन्ह्यांचे पोलीस ठाणे आहे, आणि जवळच्या ठाण्यातही तक्रार देता येते. निरोप, नंबर, पावत्या यांची छायाचित्रे जपून ठेवावीत. रागाच्या भरात ॲप पुसून पुरावा घालवू नये. नोंदलेल्या संस्थेविरुद्ध गाऱ्हाणे असेल तर आधी त्या संस्थेकडे लेखी द्यावे, व तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. माहितीसाठी त्यांचा विनामूल्य नंबर १४४४८ आहे. वसुलीचा माणूस खऱ्या संस्थेचा असला, तरी सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर त्याने फोन करावयाचा नाही, हेही लक्षात असू द्यावे. आपल्या नावावर कोणी परस्पर कर्ज उचलले आहे काय, हे पाहण्यासाठी पतमापन कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

शेवटी एक गोष्ट, जी नियमांत लिहिलेली नाही. या टोळ्यांचे खरे भांडवल आपली लाज हे आहे. कर्जाची गोष्ट घरात कळू नये, गिऱ्हाइकांत बोभाटा होऊ नये, म्हणून माणूस गप्प बसतो आणि एकटा पडतो. जे जीव गेले ते अशा एकटेपणात गेले. ज्याच्या ओळखीच्यांना असा घाणेरडा निरोप आला, त्यांनी तो पुढे न पाठविता पुसून टाकावा, आणि त्याच दिवशी त्या माणसाच्या दुकानात जाऊन, “आम्हास निरोप आला, आम्ही विश्वास ठेवला नाही, चला, पोलिसांत जाऊ” एवढे म्हणावे. घरातील मंडळींनी रागावण्याचे काम चार दिवस पुढे ढकलावे. हाताशी शिकलेली मुले आहेत; वडिलांच्या फोनवर कोणते ॲप कोणती परवानगी घेऊन बसले आहे, हे पाहण्यास त्यांना पाच मिनिटे पुरतात. धर्मादाय संस्थेचे काम पैसे वाटण्यापुरते नसते. गरजवंत माणसाला खोट्या दारात जाण्यापूर्वी विचारावयास एक खरे दार असावे, हेही तेवढेच मोठे दान आहे.