शब्द कागदावर उतरावा : वातानुकूलन व्यवसायातील करारपत्र

व्यापारी घराण्यांत दिलेला शब्द हे भांडवल मानले जाते. वातानुकूलनाच्या व्यवसायात मात्र शब्द देणारा एक असतो, यंत्र बसवणारा कारागीर दुसरा आणि दुरुस्तीला येणारा तिसरा. चैत्रात दुकानात ठरलेली गोष्ट पुढच्या वैशाखात यापैकी कोणालाच नेमकी आठवत नाही. या व्यवसायात उतरणारे अनेक युवक तांत्रिक ज्ञान उत्तम मिळवतात, परंतु करारपत्राकडे वेळखाऊ सोपस्कार म्हणून पाहतात. पुढे पैसे अडकतात आणि जोडलेले ग्राहकही दुरावतात.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी करारही वैध ठरू शकतो. अडचण येते ती पुराव्याची.

बसवणीचा करार

यंत्राची किंमत सर्वांना ठाऊक असते. वाद होतो तो भोवतालच्या कामांवरून. तांब्याची नळी किती फूट आणि त्यापुढील प्रत्येक फुटाचा दर काय, भिंतीला भोक कोण पाडणार, बाहेरच्या यंत्राचे स्टँड, पाणी जाण्याची नळी आणि विजेचा स्वतंत्र पॉइंट कोणाच्या खर्चाने, हे ओळीओळीने लिहावे. खोलीचे माप, वरचा मजला, पश्चिमेची भिंत यांचीही नोंद हवी. एक टन क्षमता म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती. ग्राहकाने सल्ल्याहून लहान यंत्र निवडले असेल तर तेही नमूद करावे. ‘खोली थंडच होत नाही’ या तक्रारीला मग आधार उरत नाही.

करांविषयी एक वाक्य अवश्य असावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दर करासह की कराव्यतिरिक्त, आणि मधल्या काळात कर बदलल्यास फरक कोणाचा, हे न लिहिलेल्या व्यवहारांत अशा वेळी कटुता येते.

वार्षिक देखभालीचा करार

‘वर्षभराची सर्व्हिस’ या शब्दांत ग्राहक सर्व काही ऐकतो आणि व्यावसायिकाच्या मनात केवळ साफसफाई असते. म्हणून करार सुट्या भागांसह आहे की त्याविना, हे पहिल्याच ओळीत यावे. कॉम्प्रेसर, सर्किट बोर्ड, पंख्याची मोटर आणि गॅस या चारांचा समावेश वा अपवाद नावानिशी लिहावा. गॅसचा प्रकारही नोंदवावा. आर-२२ च्या जुन्या यंत्रात आर-३२ भरता येत नाही. वर्षातील फेऱ्या, तक्रारीनंतर किती तासांत कारागीर पोहोचेल, तसेच उंदराने कुरतडलेली तार किंवा विजेच्या चढउताराने जळलेला भाग यांचे काय, हेही ठरवावे. कंपनीची हमी आणि बसवणाऱ्याची हमी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाण्याचे हीटर आणि सौर उष्णजल संच यांच्या देखभालीलाही हेच नियम लागू पडतात; तेथे क्षार साचून बिघडलेल्या भागाची जबाबदारी स्पष्ट करावी.

जबाबदारीची मर्यादा

तासगाव-सांगली परिसरात बेदाण्याची शीतगृहे आहेत. तेथे यंत्र थांबले तर दुरुस्तीच्या बिलापेक्षा साठवलेल्या मालाचे मोल कितीतरी अधिक असते. करार कायद्याचे ७३ वे कलम दूरान्वयाने झालेल्या हानीची भरपाई देत नाही. परंतु अमुक हानी संभवते हे करार करतेवेळी दोन्ही पक्षांना ठाऊक असेल, तर ती मागता येते. शीतगृहाचे काम घेणाऱ्याला मालाची कल्पना असतेच. म्हणून भरपाईची कमाल रक्कम, तापमानाची नोंदवही कोण ठेवणार आणि मालाचा विमा कोण उतरवणार, हे आधीच लिहिणे दोघांच्याही हिताचे ठरते.

पैसे आणि तारखा

आगाऊ रक्कम, यंत्र पोहोचल्यावरचा हप्ता आणि चाचणीनंतरची बाकी असे टप्पे पाडावेत. काम पूर्ण झाल्यावर ग्राहकाची तारखेसह स्वाक्षरी घ्यावी, कारण मुदत तेथून मोजली जाते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याचे संरक्षण आहे. लेखी मुदत नसल्यास त्यांच्या मालाचे वा सेवेचे पैसे १५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी मुदतही ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

करारपत्र दोन पानांचे असले तरी पुरे. ते ग्राहकाला कळणाऱ्या भाषेत असावे, दोन प्रतींत असावे आणि स्वाक्षरीपूर्वी वाचून दाखवावे. मोठ्या कामासाठी मसुदा व मुद्रांक वकिलाकडून तपासून घ्यावा. व्यवहार लेखी मागितला म्हणजे अविश्वास दाखवला, असा समज अजूनही आढळतो. वस्तुतः जे पाळायचे आहे तेच माणूस लिहून देतो, आणि लिहून दिलेले पाळणाऱ्याकडे ग्राहक पुढच्या उन्हाळ्यातही विश्वासाने येतो.