नापास इंजिनांचा सन्मान

वाचकहो, आगगाडीचे खेळणे म्हटले की धूर सोडणारे वाफेचे इंजिनच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ब्रिटनमध्ये असेही पुष्कळ हौशी लोक आहेत, जे जुन्या डिझेल इंजिनांच्या लहान प्रतिकृती जमवतात. त्यांतही ज्या जातीची एक-दोन किंवा दहा-वीसच इंजिने निघाली आणि जी लवकर भंगारात गेली, तिच्यावर त्यांचा विशेष जीव असतो. शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर हा नापास विद्यार्थ्यांचा वर्ग होय. अशा वर्गाचे एवढे कौतुक का, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम या प्रतिकृतींचे माप पाहू. ब्रिटनमध्ये 'ओओ' हे माप सर्वांत लोकप्रिय आहे. त्यात खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर धरतात, म्हणजे प्रतिकृती खऱ्याच्या सुमारे ७६ पट लहान होते. त्याहून लहान 'एन' माप १४८ पट लहान असते आणि त्याचे रूळ अवघ्या नऊ मिलिमीटर अंतरावर असतात. साठ फूट लांबीचे इंजिन 'ओओ'मध्ये २४ सेंटिमीटरचे होते, तर 'एन'मध्ये १२ सेंटिमीटरच्या आसपास, तळहातावर मावेल एवढे. घर लहान असले तरी टेबलावर अख्खे स्थानक मांडता येते, म्हणून पुष्कळांना हे लहान माप आवडते.

आता मूळ इंजिनांकडे वळू. ब्रिटनच्या मुख्य मार्गावरील पहिले डिझेल इंजिन डिसेंबर १९४७ मध्ये डर्बीच्या कारखान्यातून बाहेर पडले. त्याचा क्रमांक १००००. त्याचे जुळे भावंड १०००१ पुढील वर्षी आले. दक्षिण विभागासाठी १०२०१ ते १०२०३ अशी आणखी तीन इंजिने बांधली गेली. ही पाचही इंजिने १९६८ पर्यंत भंगारात निघाली. एकही जपले गेले नाही. पण त्यांचे शिक्षण वाया गेले नव्हते. १०२०३ मधील दोन हजार अश्वशक्तीचे यंत्र जवळजवळ जसेच्या तसे घेऊन १९५८ पासून दोनशे नवी इंजिने बांधली गेली, आणि त्यांनी पाव शतक सेवा केली. गुरू विसरला गेला, शिष्य नावारूपाला आले!

१९५५ साली ब्रिटिश रेल्वेने वाफ सोडून डिझेल व विजेकडे जाण्याची मोठी योजना आखली. निरनिराळ्या कंपन्यांकडून १७४ डिझेल इंजिने घ्यावीत, ती काही वर्षे चालवून पाहावीत आणि मगच मोठ्या संख्येने मागवावीत, असा शहाणपणाचा विचार होता. परंतु रेल्वेचा तोटा वाढत चालला, घाई झाली आणि परीक्षेचा निकाल लागण्यापूर्वीच मोठ्या मागण्या दिल्या गेल्या. त्यामुळे नाना जातींची इंजिने रुळांवर आली आणि त्यांतील अनेक दहा वर्षांतच गेली.

त्यांपैकी सर्वांत विचित्र इंजिन मेट्रोविक कंपनीचे. त्याच्या एका टोकाखाली चाकांच्या तीन जोड्या, तर दुसऱ्या टोकाखाली दोनच! अशी वीस इंजिने १९५८-५९ मध्ये बांधली गेली. लंडन ते ग्लासगो जाणारी 'कोंडोर' नावाची जलद मालगाडी ओढण्याचा मान त्यांना मिळाला. परंतु आतले यंत्र वारंवार बिघडे, चालकाच्या समोरची काचसुद्धा निखळून पडे. १९६८ पर्यंत सर्व सेवेतून निघाली. केवळ डी ५७०५ हे एक प्रयोगांच्या कामी लागले, म्हणून आजवर टिकले. गंमत अशी की, हॉर्नबी-डब्लो या खेळण्यांच्या कंपनीने १९६१ मध्येच त्याची प्रतिकृती काढली होती. आज संग्राहक ती शोधत फिरतात.

अलीकडे डेन्मार्कच्या हेलयान कंपनीने या मेट्रोविकच्या, तसेच 'लायन', 'फाल्कन' आणि 'केस्ट्रेल' या एकुलत्या एक इंजिनांच्या प्रतिकृती काढल्या. चार हजार अश्वशक्तीचे 'केस्ट्रेल' १९७१ मध्ये सोव्हिएत संघाला विकले गेले आणि परत आलेच नाही. ब्रिटनमधील मुलाला ते आता केवळ या लहान रूपातच पाहता येते.

जे इंजिन उरलेच नाही, त्याची हुबेहूब प्रतिकृती कशी बनते? इंजिन संग्रहालयात उभे असेल तर ते मोजता येते; आता लेसर किरणांनीही मोजतात. नसेल तर कारखान्याचे जुने आराखडे आणि रुळाकडेला उभे राहून कोणा पोराने काढलेली छायाचित्रे एवढाच आधार. झरोका कोठे होता, रंग कोणता, अमुक वर्षी क्रमांक कोठे लिहिला होता, हे सारे त्यावरून ताडावे लागते. ज्या घरात असा फोटो फेकला गेला, तेथे त्या इंजिनाचा थोडा भाग दुसऱ्यांदा भंगारात गेला असे समजावे.

उलट एक जपलेली वस्तू काय करू शकते तेही पाहा. 'बेबी डेल्टिक' जातीची दहाही इंजिने नष्ट झाली. परंतु त्यांतले एक मूळ यंत्र सापडले, आणि त्याच्या जोरावर बॅरो हिल येथे हौशी मंडळींनी दुसऱ्या जातीच्या जुन्या इंजिनातून ते पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले.

हे आपल्या बेटावरील कुटुंबांनी मनावर घेण्यासारखे आहे. मॉरिशसची रेल्वे १८६४ मध्ये सुरू झाली, प्रवासी गाड्या १९५६ मध्ये थांबल्या आणि १९६४ मध्ये उरलीसुरली मालवाहतूकही संपली. २०१९ पासून मेट्रो धावू लागली, तरी जुन्या गाडीचा डबा आतून कसा होता हे आजच्या मुलांना कोण सांगणार? ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी रेल्वेत काम केले, त्यांनी पेटीच्या तळाशी पाहावे. एखादे तिकीट, बिल्ला किंवा स्थानकावरचा पिवळा पडलेला फोटो सापडला, तर मागे नाव, गाव व वर्ष लिहून ठेवावे. जे बंद पडले ते निरुपयोगी होते, असा धडा मुलांना मिळू नये. प्रतिकृती पुढे कोणीही बनवील. पण ती कशावरून बनवायची, ते आज आपल्या हाती आहे.