विश्लेषण : मॉडेल रेल्वेचे नवेकोरे रूळ मुद्दाम का मळवतात?

हजारो रुपये मोजून घेतलेले ‘डब्ल्यूएपी-४’ इंजिनाचे मॉडेल. रंग अचूक, क्रमांक अचूक, पेंटोग्राफही वर-खाली होतो. पण ते रुळांवर ठेवून फोटो काढला, की खेळणेच दिसते. दोष बहुतेक वेळा इंजिनाचा नसतो, खालच्या रुळांचा असतो. डब्यातून काढलेले रूळ चांदीसारखे चकचकीत, स्लीपर काळ्या प्लास्टिकचे आणि खडी सगळी एकाच छटेची. म्हणून मॉडेल रेल्वेचे छांदिष्ट रूळ रंगवतात, त्यांना खोटा गंज चढवतात, खडीवर तेलाचे डाग पाडतात. या कामाला ‘वेदरिंग’ म्हणतात. अडचण एवढीच, की मॉडेलमधल्या इंजिनाला वीज याच रुळांतून मिळते. ब्रश चुकला, तर रूळ देखणे होतात आणि गाडी जागची हलत नाही.

खडीचा दाणा किती मोठा हवा?

मॉडेल रेल्वेत सर्वाधिक चालणारे प्रमाण म्हणजे ‘एचओ’, एकास ८७. त्यात एक मीटरची वस्तू साडेअकरा मिलिमीटरची होते. भारतीय रेल्वेच्या खडीचे दगड साधारण २० ते ६५ मिलिमीटरचे असतात. त्यांना ८७ने भागले, की पाव ते पाऊण मिलिमीटर उरतात. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर बारीक रव्यापासून जाड रव्यापर्यंत. मत्स्यालयासाठी मिळणारी वाळू अनेकदा दोन-तीन मिलिमीटरची असते. ती टाकली, तर प्रमाणात पाहता वीतभर लांबीचे धोंडे रुळांत येऊन पडल्यासारखे दिसतात. पहिल्यांदा खडी टाकणाऱ्यांच्या हातून हमखास होणारी चूक हीच.

रुळाच्या उंचीचेही असेच. ‘कोड १००’ या नावाने विकला जाणारा रूळ २.५४ मिलिमीटर उंच असतो. तो ८७ पट केला, तर २२ सेंटिमीटर भरतात. भारतात मुख्य मार्गांवर वापरला जाणारा ६० किलोचा रूळ प्रत्यक्षात १७.२ सेंटिमीटर उंच आहे. ‘कोड ७५’ किंवा ‘कोड ८३’ त्याच्या अधिक जवळ जातात. मात्र कोड १००चे रूळ आधीच अंथरले असतील, तर ते उपटण्याची गरज नाही. बाजू गडद आणि चमकरहित रंगवल्या, की डोळ्याला रूळ बुटका वाटतो.

रंगाने न झाकता येणारी एक गोष्ट भारतीय छांदिष्टांच्या वाट्याला येते. एचओच्या रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. हे युरोप-अमेरिकेतल्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजचे प्रमाण. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये १९.३ मिलिमीटर हवा. ही तडजोड जवळपास सगळेच मान्य करतात आणि पुढच्या कामाला लागतात.

खरा रूळ तपकिरी कशाने होतो?

सगळा तपकिरी रंग गंजाचा, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. रुळाच्या बाजूंना चाक लागत नाही, त्यामुळे तिथे गंजाचा थर बसतो आणि टिकतो. वरचा भाग, म्हणजे रुळाचे डोके, प्रत्येक गाडीच्या चाकाखाली घासून लखलखीत राहते. गाड्या थांबल्या, की पावसाळ्यात तेही लगेच नारिंगी होते. म्हणून मुख्य मार्ग आणि कडेची सायडिंग एकाच रंगात रंगवली, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते.

उरलेला रंग गाड्यांनी आणलेला असतो. ओतीव लोखंडाचे ब्रेक-ब्लॉक चाकावर घासले, की लोखंडाची बारीक धूळ उडते. ती खडीवर, स्लीपरवर बसते आणि तिथे गंजते. स्थानकाच्या अलीकडे, जिथे गाडी वेग कमी करते, तिथे हा तपकिरी थर दाट असतो. कंपोझिशन ब्लॉकची धूळ मात्र काळपट, राखाडीकडे झुकणारी. डिझेल इंजिने जिथे उभी राहतात, तिथे दोन रुळांच्या मधोमध तेलाचा काळा पट्टा पडतो. वळणावर रुळाच्या आतल्या बाजूला वंगण लावलेले असते, तेवढा भाग ओलसर काळा दिसतो. मातीच्या फाटकापाशी टायरांबरोबर आलेला चिखल असतो.

आणखी एक कारण होते, ज्याबद्दल मॉडेलची पुस्तके फारशी बोलत नाहीत. डब्यांमधल्या शौचालयांतून मैला थेट रुळांवर पडत असे. त्याने नुसती घाण होत नव्हती, तर रूळ आणि ते धरून ठेवणाऱ्या क्लिपा कुरतडल्या जात होत्या. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने २०१२ मध्ये ही पद्धत थांबवण्याची शिफारस केली होती. त्यानंतरच्या वर्षांत डब्यांना जैवशौचालये बसत गेली आणि रुळांचा रंग बदलला. मोठ्या स्थानकांत फलाटालगत खडीऐवजी धुता येईल असे काँक्रीट असते, त्याचेही कारण हेच.

कोणते साल, कोणता मार्ग?

त्यामुळे ब्रश हातात घेण्याआधी ठरवायचे ते रंगाचे नाव नव्हे, तर साल आणि जागा. कर्जत-लोणावळ्याचा बोरघाट घेऊ. चढ एकास ३७चा. चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिने लागतात आणि चाके घसरू नयेत म्हणून इंजिनातून रुळांवर वाळू सोडण्याची सोय असते. अशा जागी रुळांलगत वाळूची फिकट पिवळसर रेघ शोभते. उतरत्या गाड्यांच्या मार्गावर ब्रेकची धूळ अधिक. त्यात खडी काळ्या बेसॉल्टची, कारण महाराष्ट्राच्या बहुतांश भागात तोच दगड आहे. परदेशातून पिशवीतून येणारी गुलाबी-करडी ग्रॅनिटसारखी खडी घाटात टाकली, तर डोंगर आणि रूळ एकमेकांना ओळखत नाहीत.

आता साल. १९८०च्या सुमाराची डेक्कन क्वीन दाखवायची, तर ब्रेकची तपकिरी धूळ सढळ हाताने हवी. त्या काळी अनेक मार्गांवर लाकडी स्लीपर होते, तसेच ओतीव लोखंडाचे आणि पोलादी पन्हाळीचेही. लाकडी स्लीपर नवा असताना क्रिओसोट तेलाने काळपट तपकिरी असतो, वर्षानुवर्षे ऊन खाऊन तो चंदेरी करडा होतो. डब्यातून येणारा काळाकुट्ट प्लास्टिक स्लीपर या दोन्हींपैकी काहीच नसतो. आजची डेक्कन क्वीन दाखवायची, तर स्लीपर काँक्रीटचे हवेत. रंग फिकट राखाडी, आणि रूळ जिथे बसतो तेवढ्याच जागी गंजाचे ओघळ. २०२२ पासून ही गाडी एलएचबी डब्यांची आहे. या डब्यांना डिस्क ब्रेक असतात, ब्लॉक चाकावर घासत नाही. गाडी नवी आणि खाली गंजाचा गालिचा, असे केले तर दोन वेगवेगळ्या दशकांचे फोटो चिकटवल्यासारखे होते.

यंत्राने खडी नुकतीच चाळून, नवी भर घालून गेली असेल, तर तो पट्टा निळसर आणि स्वच्छ दिसतो. मॉडेलमध्ये असा हातभर तुकडा ठेवला, तर बाकीच्या मळक्या मार्गाला एकदम अर्थ येतो. हे फार कमी लोक करतात.

आधी रंग की आधी खडी?

आधी रंग. खडी चिकटल्यावर रुळाच्या बाजूपर्यंत ब्रश नीट पोचत नाही. रूळ जमिनीवर पक्के झाले, तारा जोडून झाल्या आणि गाडी सगळीकडे चालते याची खात्री झाली, की मगच रंग. रुळाच्या दोन्ही बाजूंना गडद तपकिरी मॅट रंग द्यायचा, ॲक्रिलिक चालतो. स्प्रे कॅन किंवा एअरब्रश वापरला तर काम लवकर होते, मात्र खिडकी उघडी आणि तोंडावर मास्क हवा. नंतर स्लीपर एकेक करून थोड्या वेगळ्या छटांत. सगळे सारखे रंगवले तर पुन्हा प्लास्टिकच.

रंग ओला असतानाच रुळाचे डोके पुसून घ्यायचे. गुळगुळीत लाकडी ठोकळ्याला कापड गुंडाळून ते रुळांवरून फिरवले, की वरचा रंग निघतो आणि बाजूंचा राहतो. वाळलेला रंग सँडपेपरने खरवडण्याचा मोह टाळावा. त्याने बारीक ओरखडे पडतात आणि पुढे त्यांतच काजळी साठते.

गमतीचा भाग म्हणजे मॉडेलचे रूळ गंजतच नाहीत. ते बहुधा ‘निकेल सिल्व्हर’चे असतात. नावात चांदी असली तरी धातू तांबे, निकेल आणि जस्ताचा. खऱ्या रुळाला जो रंग फुकट मिळतो, तो इथे विकत आणून लावावा लागतो.

पाणी घातलेला फेव्हिकॉल खडीत का मुरत नाही?

खडी चमच्याने टाकायची, मऊ ब्रशने स्लीपरवरून झाडून मधल्या खाचांत बसवायची. स्लीपरच्या माथ्यापेक्षा किंचित खाली राहिलेली बरी. त्यानंतर निम्मे पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचा. इथे अनेकांची पहिली संध्याकाळ वाया जाते. थेंब खडीत शिरत नाही. तो गोळी होऊन वरच लोळतो आणि खडीचे कण अंगाला लावून घेतो. रुळांमध्ये खड्डा पडतो.

कारण पृष्ठताण. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि कोरड्या, धुळकट दाण्यांवर पसरायला तयार नसतात. उपाय दोन. मिश्रणात भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब टाकायचे, आणि त्याआधी खडी आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याच्या फवाऱ्याने भिजवून घ्यायची. मग गोंद केशाकर्षणाने, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावे तसा, आपोआप आत ओढला जातो. अल्कोहोल पेट घेते, म्हणून त्या वेळी रुळांचा वीजपुरवठा बंद हवा. वाळायला एक दिवस द्यावा. ओली असताना खडी काळी दिसते. रंग चुकला असे वाटून त्याच रात्री दुरुस्तीला बसू नये, सकाळी छटा बरीच उजळते.

खडी कोणती, यावरही बरेच अवलंबून आहे. अक्रोडाच्या टरफलाची रंगवलेली खडी हलकी असते, गोंद टाकताच तरंगते. दगडाची खडी जागेवर बसते. महाराष्ट्रात क्रशरवरची बेसॉल्टची चुरी चहाच्या आणि पिठाच्या चाळणीतून चाळून घेतली, तर हवा तो दाणा मिळतो आणि रंग मुळातच खरा असतो. पण एक धोका आहे. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारे खनिज असते. इंजिनाच्या मोटारीत चुंबक असतो, आणि मोटार रुळांपासून जेमतेम काही मिलिमीटरवर फिरते. सुटा कण आत ओढला गेला तर दातेरी चाके अडकतात, मोटार जळू शकते. म्हणून चुरी कागदावर पसरून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक तिच्यावरून पुन:पुन्हा फिरवायचा, काही चिकटेनासे होईपर्यंत.

सर्वाधिक बिघाड कुठे होतो?

सांध्यांवर. मार्ग बदलणाऱ्या सांध्याची हलती पाती अनेक मॉडेलमध्ये शेजारच्या रुळाला टेकूनच वीज घेतात. त्या टेकण्याच्या जागी रंगाचा पातळ थर किंवा गोंदाचा थेंब गेला, की पात्याला वीज मिळत नाही. खडीचा एक दाणा फटीत अडकला, तर पाती पूर्ण टेकत नाहीत आणि डबा रुळांवरून उतरतो. पात्यांना जोडणाऱ्या पट्टीखाली गोंद शिरला, तर सांधा कायमचा बसतो, तो उखडून नवाच टाकावा लागतो. म्हणून रंगवताना पात्यांच्या आतल्या बाजूंना मास्किंग टेप लावायची, पट्टीच्या आसपास खडी अगदी विरळ ठेवायची आणि गोंद वाळेपर्यंत दर तासाभराने सांधा इकडून तिकडे हलवत राहायचे.

शेवटचा हात

खडी वाळल्यावर खरे मळवणे सुरू होते. अल्कोहोलमध्ये काळ्या शाईचे काही थेंब टाकून केलेले पाणी दाण्यांच्या फटींत उतरते आणि खोली दाखवते. ब्रेकच्या धुळीसाठी कुंड्यांना लावतात तो गेरू उत्तम. तो मुळात लोहाचे ऑक्साइडच, गंजाचे सख्खे भावंड. कोरड्या ब्रशने रुळांच्या दोन्ही बाजूंना थोडा थोडा चोळायचा, तेलाच्या जागी काळी पेस्टल खडू घासून केलेली पूड. वरून मॅट व्हार्निशचा हलका फवारा, त्याने पूड धरली जाते पण थोडी फिकी पडते, हे गृहीत धरून आधी किंचित जास्त लावावी. हे सगळे ज्या दिव्याखाली मॉडेल पाहिले जाणार, त्याच दिव्याखाली करावे. पिवळ्या एलईडीत तपकिरी रंग लाल होतो.

मग रुळांची डोकी पुन्हा अल्कोहोलने पुसून खोलीतले दिवे मालवायचे आणि पुढचा दिवा लागणारे इंजिन अगदी मंद वेगात संपूर्ण मार्गावर फिरवायचे. जिथे दिवा लुकलुकतो, तिथे रुळावर रंग राहिलेला असतो. खडूने खूण करून तेवढीच जागा पुन्हा पुसायची.