आभासी यंत्र
एका संगणकात आज्ञावलीच्या साहाय्याने निर्माण केलेला दुसरा संगणक. यालाच व्हर्च्युअल मशीन असेही म्हणतात. त्यातील उपकरणे प्रत्यक्षात नसतात. त्यांचे कार्य आज्ञावली करते. क्यूएमू ही अशी आज्ञावली फ्रेंच संगणकतज्ज्ञ फाब्रीस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. तिची मूळ संहिता खुली असल्याने कोणीही तीतील दोष शोधून दुरुस्ती सुचवू शकतो. तथापि खुलेपणा ही निर्दोषतेची हमी नव्हे. तिच्या फ्लॉपी-नियंत्रकात २००४ पासून असलेला दोष जेसन गेफनर यांनी २०१५ मध्ये उघडकीस आणला. नियत जागेबाहेर माहिती लिहिली गेल्याने आभासी यंत्रातून मूळ संगणकात, व तेथून शेजारच्या आभासी यंत्रांत शिरकाव होण्याचा धोका होता. लेखनस्थान जागेच्या मर्यादेतच राहील अशी दुरुस्ती करून तो दूर करण्यात आला. प्रत्यक्ष वापरातून गेलेल्या उपकरणाच्या प्रतिरूपाचीही म्हणूनच वेळोवेळी तपासणी आवश्यक ठरते.