बंडू, लाली आणि शेणाची पाटी!

ऑफिस, डेडलाइन, ईएमआय... या गडबडीत घरच्या चिल्ल्यापिल्ल्यांना गोष्ट सांगायला वेळ आहे कुणाला? फक्त दहा मिनिटं काढा. गोठ्यातली एक यमकदार धमाल तुमची वाट बघतेय!

शुक्रवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स पकडली की शनिवारी सकाळी नांदेड. डोळे उघडायच्या आत पाच वर्षांच्या भाचीनं उशी ओढली. ‘मावशी, गोष्ट सांग ना! पण प्राण्यांची. आणि हसवणारी!’

मला एकदम आजी आठवली. आजी लातूर जिल्ह्यातल्या देवणीची. जनावरांना मदत करायला गेलेल्या आगाऊ पोराची गोष्ट ती यमकात सांगायची. पण गंमत म्हणजे मला फक्त चाल आठवली, शब्द गुल! आजी आता नाही, आणि ती गोष्ट कुणी लिहूनही ठेवली नाही. मग काय, त्याच चालीवर नवीन जुळवली:

बंडू आला मदतीला, पाटी धरून हाती,
धप्पकन घसरला शेणात, डोक्यावर आली पाटी!

वैरण टाकली लालीला, म्हणाला, ‘खा गं बाई!’
लालीनं चघळली टोपी त्याची, कडबा खाल्लाच नाही!

शेळीला पाणी पाजायला, घेऊन आला तांब्या,
दोन करडं ओरडली, ‘आधी आम्ही, थांब्या!’

पोळ्याला रंगवली शिंगं, हिरवी आणि लाल,
बालंक्या राहिला कोराच, रंगले बंडूचे गाल!

भाची लोळून लोळून हसली. आणि मग प्रश्नांची सरबत्ती!

हसता हसता ट्रेनिंग

लाली कोण? कंधार तालुक्याचं नाव मिरवणारी, गडद तांबड्या रंगाची लाल कंधारी गाय. बालंक्या म्हणजे देवणी जातीतला पांढराशुभ्र प्रकार. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो शेवरा, आणि पांढऱ्या अंगावर काळपट तोंडाचा तो वानेरा. करडं दोनच का? कारण उस्मानाबादी शेळीला जुळी होणं नेहमीचंच. आणि शिंगं रंगवायची ती श्रावणी अमावस्येच्या पोळ्याला. आदल्या दिवशी खांदेमळणी, म्हणजे वर्षभर जू ओढणाऱ्या खांद्यांना हळद-लोण्याचा मसाज. आपल्या स्पाचा बैलांसाठीचा अवतार!

विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’मधले (1961) प्राणी आपण पिंजऱ्याबाहेर उभं राहून बघतो. बंडूच्या गोष्टीत मात्र बघत राहायची सोय नाही. इथं वैरण टाकावी लागते, शेण उचलावं लागतं. चूक झाली तर पोरं हसतात, पण काम कसं करायचं ते लक्षात राहतं. आता शेतात ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे होत चालले. दावण, कडबा, झूल हे शब्द फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या पोरांच्या कानावर पडणार तरी कुठून? आपण सांगितले तरच!

तुम्हीही करून बघा

* दोनच ओळी जुळवा. यमक फसलं तरी चालेल, पोरं जास्तच हसतील.
* जनावर तुमच्या गावचं घ्या. हत्ती-सिंहांना सुट्टी!
* मदत करणाऱ्याची फजिती हवीच, जनावराची नको.
* आजी-आजोबा असतील तर त्यांची गोष्ट आजच मोबाइलवर रेकॉर्ड करा. उद्यावर ढकलू नका.

रविवारी रात्री परतीची ट्रॅव्हल्स. गाडी सुटता सुटता भाचीचा फोन. ‘मावशी, मी पण एक जुळवली!’ त्यात यमकाचा पत्ता नव्हता. पण शेवऱ्याला अंघोळ घालायला निघालेली एक मुलगी होती. आजीची गोष्ट पुढे निघाली होती!