चिकित्सालयातील इंटरनेट : पथ्य आणि अपथ्य

आपल्या चिकित्सालयाचे आणि औषधालयाचे स्वरूप गेल्या दोन दशकांत किती पालटले, याचा हिशेब मांडण्यास आपणांस क्वचितच सवड मिळते. केसपेपरच्या कपाटाशेजारी संगणक आला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विवरणपत्रे इंटरनेटवरूनच भरणे क्रमप्राप्त झाले. घाऊक विक्रेत्याकडे आसव-अरिष्टांची मागणी व्हॉट्सॲपवर जाते, रुग्ण काउंटरवरील क्यूआर कोडवर पैसे भरतो, परगावचा रुग्ण त्वचेवरील मंडलांचे छायाचित्र पाठवून सल्ला विचारतो. यांतील बहुतेक कामे आपण स्वतः करीत नाही. ती आपले साहाय्यक, काउंटरवरील मुले आणि स्वागतकक्षातील भगिनी करतात.

म्हणूनच बैठकीनंतरच्या चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो : कर्मचाऱ्यांना कामाच्या जागी इंटरनेट कितपत मोकळे ठेवावे? काहींचे उत्तर ठाम असते, 'सरळ बंद करावे.' काहींचे तितकेच ठाम असते, 'आजच्या काळात कोणाला अडविणार?' आमच्या मते ही दोन्ही उत्तरे केवळ लक्षण पाहून दिलेली आहेत. हेतूचा विचार केला तर उत्तर वेगळे निघते, आणि त्यातील बराचसा भार कर्मचाऱ्यावर नव्हे, तर मालकावर येतो.

रक्षण कशाचे करावयाचे?

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, अशी स्पष्ट आज्ञा आहे. वैद्य त्या काळी रुग्णाच्या घरी जात असे. आज रुग्णाचे घर आपल्या संगणकात येऊन राहिले आहे. बिलाच्या नोंदीतील एका ओळीत नाव, मोबाइल क्रमांक आणि घेतलेले औषध शेजारी-शेजारी बसलेले असते. वंध्यत्व, शुक्रदोष, श्वित्र, उन्माद, अपस्मार यांपैकी कशासाठी कोण औषध घेतो, हे जाणकाराला त्या ओळीवरून ओळखता येते. लहान गावात अशी एक ओळ बाहेर पडली, तर एखाद्या मुलीचा ठरलेला विवाह मोडू शकतो. औषधसाठ्याची चोरी झाली तर साठा पुन्हा भरता येतो. ही चोरी भरून निघत नाही.

कायद्यानेही हे ओळखले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी आरोग्यस्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांना 'संवेदनशील' वैयक्तिक माहितीत स्थान दिले. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा स्वतंत्र कायदा संमत झाला. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. 'आपले लहानसे दुकान, आपल्याला कोण विचारतो?' हा समज आता सोडावयास हवा.

हेतुविचार : दोन मोठे दाखले

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील दोन लाखांहून अधिक संगणक जखडून टाकले आणि ते सोडविण्यासाठी खंडणी मागितली. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील सुमारे एक तृतीयांश रुग्णालय-संस्थांना तिची झळ बसली. रुग्णांच्या हजारो भेटी आणि कित्येक शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही प्रणाली एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत होती. तिला कोणा कर्मचाऱ्याने काही उघडण्याची गरज नव्हती. विंडोजमधील ज्या छिद्रातून ती शिरली, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, ते सापडले.

दुसरा दाखला आपल्या देशातील. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे सर्व्हर अशाच हल्ल्यात बंद पडले. नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे बरेच दिवस कागदावर करावी लागली. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात संगणकांच्या जाळ्याचे योग्य विभाजन केलेले नव्हते, हे कारण नमूद केले. त्याच उत्तरात दिलासा देणारी बाबही होती : रुग्णांची माहिती हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळविता आली.

या दोन घटनांतून तीन हेतू स्पष्ट होतात : दुरुस्ती न केलेला संगणक, एकमेकांत मिसळलेले जाळे आणि सुरक्षित प्रतीचा अभाव. तिन्ही गोष्टी मालकाच्या अधिकारातील आहेत. काउंटरवरील मुलाचे यूट्यूब बंद केल्याने यांपैकी एकही दूर होत नाही.

एका औषधालयातील घटना

मोठ्या संस्थांचे दाखले आपणांस दूरचे वाटतील, म्हणून आमच्या परिचयातील एका औषधालयात काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट सांगतो. सकाळी दहाच्या सुमारास तेथील साहाय्यकाने कराच्या नोटिशीच्या नावाने आलेला एक ई-मेल उघडला आणि सोबतच्या फाइलवर टिचकी मारली. काहीच उघडले नाही. पडदा क्षणभर काळा झाला, एवढे त्याच्या ध्यानात आले. मालक तापट, मागील महिन्यातच मोबाइल पाहण्यावरून त्यांनी सर्वांसमक्ष त्याची खरडपट्टी काढली होती. तो गप्प राहिला. सायंकाळी बिलाची फाइल उघडेना, तेव्हा सर्व उलगडा झाला. तोवर संगणकाला कायम जोडून ठेवलेल्या हार्ड डिस्कवरील बॅकअपही जखडला गेला होता. तीन वर्षांचा साठा, उधारी आणि रुग्णांच्या नोंदी गेल्या.

सकाळी दहा वाजताच संगणकाची वायर काढली असती तर सर्व वाचले असते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पुष्कळ वाचले असते. या घटनेत ई-मेलइतकेच भयानेही नुकसान केले. पूर्वरूप दिसत असता जो सांगावयास घाबरतो, त्याच्या घरी व्याधी वाढतो. हे आपल्यापेक्षा अधिक कोणास ठाऊक?

आचरणीय पथ्य

पुढील गोष्टींना मोठा खर्च नाही. नेहमीच्या संगणक दुरुस्ती करणाऱ्यास अर्धा दिवस बोलाविले, तर बहुतेक पूर्ण होतात.

१) कामाचा संगणक वेगळा ठेवावा. बिले, साठा आणि रुग्णनोंदी ज्या संगणकावर आहेत, त्यावर ठरावीक संकेतस्थळांखेरीज काही उघडू नये. ई-मेल पाहण्यासाठी शक्य तर दुसरा, जुना का होईना, संगणक द्यावा.

२) वाय-फायचे दोन भाग करावेत. आजकालच्या बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी स्वतंत्र जोडणीची सोय असते. कर्मचाऱ्यांचे मोबाइल आणि प्रतीक्षाकक्षातील रुग्ण त्या जोडणीवर ठेवावेत. राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली कोनाड्यात ठेवणे होय.

३) कर्मचाऱ्यास 'ॲडमिनिस्ट्रेटर'चे अधिकार देऊ नयेत, मालकानेही रोजच्या कामास ते वापरू नयेत. साध्या खात्यावरून नवी प्रणाली सहजासहजी बसत नाही.

४) विंडोजच्या दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात. विंडोज ७ ला मिळणाऱ्या नियमित दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये, तर विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या. असे संगणक अद्याप चालू असतील, तर ते बदलावेत किंवा इंटरनेटपासून दूर ठेवावेत.

५) नोंदींच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक चिकित्सालयाबाहेर. बॅकअपची डिस्क प्रत घेतल्यावर काढून ठेवावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाइल उघडून पाहावी. न तपासलेली प्रत हा केवळ मनाचा दिलासा असतो.

६) प्रत्येकास स्वतंत्र पासवर्ड द्यावा. 'सर्वांचा एकच' पासवर्ड कोणाचाच नसतो. नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे, आणि जेथे सोय आहे तेथे मोबाइलवरील सांकेतिक क्रमांकाची दुसरी पायरी लावावी.

७) रुग्णांची छायाचित्रे आणि अहवाल चिकित्सालयाच्या मालकीच्या मोबाइलवरच घ्यावेत. साहाय्यकाच्या खासगी मोबाइलवर ती उतरली, की त्याच्या घरच्या अल्बममध्ये, मित्रांच्या समूहात आणि कुठल्या तरी दूरच्या साठ्यात केव्हा जातील, हे त्यालाही कळत नाही.

साहाय्यकास काय सांगावे?

चतुष्पादांपैकी उपस्थात्याचे चार गुण आपण विद्यार्थिदशेत पाठ केले : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. यांतील ज्ञान त्याला आपणच द्यावयाचे असते. वर्षातून दोनदा अर्धा तास बसून पुढील मोजक्या गोष्टी सांगाव्यात. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. जो मागतो, तो ठक. पैसे भरल्याचे छायाचित्र म्हणजे पैसे नव्हेत. रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्याची खात्री करावी. काउंटरवरील क्यूआर कोडावर दुसरा चिकटविलेला नाही ना, हे दुकान उघडताना पाहावे. बँकेच्या किंवा सरकारी कार्यालयाच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेले ॲप बसवू नये. फोनवरून कोणी आपल्या संगणकाचा किंवा मोबाइलचा ताबा मागितल्यास देऊ नये. अशा एका ॲपच्या गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

नियम एका पानावर, साध्या मराठीत लिहावेत, वाचून दाखवावेत आणि त्यावर मालकासह सर्वांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात. कामाच्या संगणकावर कोणती संकेतस्थळे उघडली याची नोंद राहते, हे आधीच सांगावे. परंतु कर्मचाऱ्याचे खासगी संदेश चोरून वाचणे, त्याचा मोबाइल हिसकावून तपासणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या मोबाइलवर तो काय पाहतो, हा त्याचा प्रश्न आहे. जेथे मोकळीक वाजवी असते, तेथे नियमही पाळले जातात. जेथे सर्वच बंद असते, तेथे मागचे दार शोधले जाते, आणि धोका त्या दारानेच येतो.

घात झाल्यास

संशय येताच प्रथम इंटरनेटची वायर काढावी किंवा वाय-फाय बंद करावे. बॅकअपची डिस्क जोडलेली असल्यास तीही तात्काळ काढावी. पडद्यावरील मजकुराचे छायाचित्र घेऊन ठेवावे. घाईने काही पुसू नये, जाणकारास बोलवावे. पैसे गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेस कळवावे. रक्कम पुढे सरकण्याआधी थांबविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. खंडणी भरून नोंदी परत मिळतीलच, याची शाश्वती नसते. रुग्णांची माहिती बाहेर गेली असेल, तर त्यांना प्रामाणिकपणे सांगणे हा कायद्याचा भाग तर आहेच, पण तो वैद्यधर्मही आहे.

या सर्वांत एक वाक्य मात्र साहाय्यकास नियमांच्याही आधी सांगावे, असे आम्हांस वाटते : 'काही चुकले तर लगेच सांग, तुला कोणी रागावणार नाही.' आणि तो खरोखर सांगावयास आला, तर ते वाक्य पाळावे. त्यासाठी ना सॉफ्टवेअर लागते, ना खर्च. वाचकांनी हा अंक मिटण्यापूर्वी आपल्या संगणकास जोडलेली बॅकअपची डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि उद्या सकाळी दुकान उघडताना साहाय्यकाशी पाच मिनिटे बोलावे, एवढीच विनंती.