पितळ वितळते भट्टीत, घडते वाळूत

देवघरातील समई घासायला घेतली की तिचे भाग वेगळे होतात. बैठक, दांडा, तेलाचे तबक आणि शिखर यांना आटे असतात व ते एकमेकांत फिरवून समई उभी राहते. घासण्यासाठी ही रचना सोयीची आहेच. पण तिचे मूळ ओतकामात आहे. ठिकठिकाणी फुगणारी आणि बारीक होणारी उंच वस्तू एकसंध ओतणे जिकिरीचे असते. तिचे भाग मात्र वाळूच्या साध्या साच्यांत सहज ओतता येतात. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद हे या कामाचे देशातील मोठे केंद्र. महाराष्ट्रात ओतारी समाजाचा हा परंपरागत व्यवसाय आहे.

मुठीतली परीक्षा

साच्यासाठी कोणतीही वाळू चालत नाही. बारीक दाण्याच्या वाळूत चिकणमाती आणि थोडे पाणी मिसळावे लागते. माती दाणे बांधून ठेवते, तर पाणी मातीला चिकटपणा देते. पाण्याचे प्रमाण वजनाच्या साधारण ३ ते ६ टक्के असते. कारागीर ते मुठीने तपासतात. वाळू दाबल्यावर बोटांचे ठसे उमटावेत, गोळा मोडला तर कडा स्वच्छ राहाव्यात आणि तळहात ओला होऊ नये. पाणी कमी पडले, तर साचा ढासळतो. जास्त झाले, तर त्याहून मोठा धोका असतो.

दोन पेट्यांचा साचा

लाकूड किंवा धातूचा नमुना दोन अर्ध्या भागांत केलेला असतो. तो वस्तूपेक्षा किंचित मोठा ठेवतात, कारण घट्ट होऊन थंड होताना पितळ सुमारे दीड टक्का आकसते. नमुन्याच्या बाजूंना थोडा उतारही देतात, म्हणजे तो काढताना वाळू तुटत नाही.

नमुन्याचा अर्धा भाग फळीवर ठेवून त्याभोवती तळ नसलेली पेटी मांडतात आणि चाळलेली वाळू ठासून भरतात. पेटी उलटी करून नमुन्याचा दुसरा भाग बसवतात. दोन्ही पेट्यांची वाळू एकमेकींना चिकटू नये म्हणून मध्ये कोरडी भुकटी भुरभुरतात. मग वरची पेटी ठासली जाते. तिच्यात धातू ओतण्याचे एक छिद्र आणि धातू वर चढण्याचे दुसरे छिद्र ठेवतात. वायू बाहेर जावा म्हणून सळईने बारीक टोचेही मारतात. शेवटी पेट्या उघडून नमुना अलगद काढला की वाळूत वस्तूची पोकळी उरते. वस्तू आतून पोकळ हवी असेल, तर या पोकळीत वाळूचा वेगळा गाभा बसवतात.

आधी तांबे, नंतर जस्त

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळते. म्हणून मुशीत आधी तांबे वितळवतात आणि जस्त अखेरीस घालतात. तरीही थोडे जस्त वाफ होऊन जळते व पांढरा धूर निघतो. वाफ होण्याच्या याच गुणामुळे शुद्ध जस्त मिळवणे पूर्वी कठीण होते. राजस्थानातील झावर येथे मध्ययुगात ते ऊर्ध्वपातनाने काढले जाई.

मुशीतला रस साच्यात न थांबता, एकाच धारेने ओतावा लागतो. धार तुटली, तर आधीचा थर थिजतो आणि नंतरचा त्याच्याशी एकजीव होत नाही. दुसऱ्या छिद्रात चढलेला धातू आकसणाऱ्या वस्तूला रस पुरवतो. तो नसेल, तर जाड भागात पोकळी राहते. वाळूतील ओलीचा धोका याच क्षणी समोर येतो. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १६०० पट होते. तिला वाट मिळाली नाही, तर वस्तूत छिद्रे पडतात; प्रसंगी तप्त रस उसळून कारागिराच्या अंगावर येतो.

चकाकीची किंमत

वस्तू थंड झाल्यावर साचा मोडतात. वाळू पुन्हा भिजवून वापरली जाते आणि छिद्रांत थिजलेले पितळ कापून परत मुशीत जाते. त्यानंतर कानस, लेथ आणि पॉलिश यांचे काम सुरू होते.

हे काम आरोग्याच्या दृष्टीने निर्धोक नाही. जस्ताच्या धुराने काही तासांत थंडी वाजून ताप येतो. तो एक-दोन दिवसांत उतरतो. वाळूच्या सूक्ष्म धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा विकार मात्र बरा होत नाही. खेळती हवा, धूर ओढून घेणारा पंखा आणि योग्य मुखवटा या गोष्टी म्हणूनच अत्यावश्यक ठरतात. घरातल्याच खोलीत भट्टी असते, तेव्हा धूर आणि धूळ कुटुंबापर्यंतही पोहोचते.

समई विकत घेताना तिची बैठक उलटून पाहावी. पत्र्याची बैठक हलकी आणि आतून गुळगुळीत असते. ओतीव बैठक वजनदार असते आणि पॉलिश न पोहोचलेल्या तिच्या आतल्या बाजूवर अनेकदा बारीक खरखर लागते. ती साच्यातील वाळूच्या दाण्यांची खूण असते.